तुम्ही विचारलंत म्हणून: पंप बदलू का?

"स्टीअरिंग फिरवलं की घुंई असा आवाज येतो, तेलही सारखं कमी होतं. पॉवर स्टीअरिंगचा पंप बदलून टाकू का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की फोनवर आधी बॉनेट उघडल्याचा आवाज आला, तर पुढचं वाक्य काय असणार ते मला ठाऊक असतं. काही जण तर फोनच इंजिनजवळ धरतात. त्यातून मला फक्त इंजिन ऐकू येतं. पण ऐकवल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही, म्हणून मीही "हं, हं" करतो.

माझं उत्तर बहुतेकदा "थांबा" असतं, कारण मी स्वतः एकदा थांबलो नव्हतो. गाडी जुनी होती, स्टीअरिंग वळवलं की कण्हायची. पंपच गेलाय असं मी ठरवून टाकलं. नवा पंप आणला, अख्खा दिवस घालवून बसवला, तेल भरलं आणि गाडी सुरू केली. तोच आवाज, तसाच्या तसा. मग, जे सकाळीच करायला हवं होतं ते संध्याकाळी केलं. स्टीअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढून आत बॅटरीचा उजेड मारला. लाल तेल गुलाबी, दुधाळ झालेलं आणि वर साबणाच्या पाण्यासारखा बारीक फेस. टाकीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप हाताने दाबून पाहिला. मधे मऊ होता, पण टोकाशी लाकडासारखा कडक झालेला. क्लॅम्प जागेवर होता, पण पकड नव्हती. बाहेर तेलाचा एक थेंबही नाही. तो तुकडा बदलला, नवा क्लॅम्प लावला, हवा काढली. आवाज गेला. काढलेला जुना पंप पूर्ण चांगला होता, तो अजून फळीवर पडून आहे.

तेल न गळता पंप कसा ओरडतो, हे कळलं की अर्धं निदान होतं. पंप टाकीतून तेल ओढतो, त्यामुळे त्या बाजूच्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. तिथे जोड सैल असेल तर चालू गाडीत तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. ती हवा तेलात मिसळते, पंपाच्या पात्यांपाशी दाबाखाली बुडबुडे चिरडले जातात आणि आपल्याला घुंई ऐकू येते. पंपाच्या पुढच्या बाजूला सगळं उलट असतं. चाकं पूर्ण वळवून धरली की तिथला दाब अनेक गाड्यांत ८० ते १०० बारपर्यंत जातो. टायरात साधारण २ ते २.५ बार हवा असते, यावरून अंदाज येईल. तिथे बारीक फट असली तरी तेल बाहेर फेकलं जातं. म्हणून थेंब दिसला तर गळती बहुधा दाबाच्या किंवा (तेल टाकीत परत नेणाऱ्या) परतीच्या वाटेवर, आणि थेंब नसून फेस असेल तर ओढीच्या बाजूवर, असं मी सुरुवातीला धरून चालतो. तेलाची पातळी फार उतरली तरी पंप हवाच ओढतो, म्हणून आधी पातळी. तीही झाकणाच्या काडीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतील तर योग्य ती बघून.

आवाज वळवतानाच का वाढतो, याचं उत्तर जुनं आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये पिअर्स-ॲरो गाडीवर पॉवर स्टीअरिंग बसवून दाखवलं. त्याची खुबी अशी की झडप उघडी ठेवायची, तेल कायम मोकळं फिरत राहू द्यायचं आणि चाक वळवलं की तेवढ्यापुरताच दाब चढू द्यायचा. सर्वसामान्य ग्राहकाला हे क्रायस्लर इम्पीरियलमध्ये मिळायला १९५१ उजाडलं, पण तत्त्व तेच राहिलं. सरळ रस्त्यावर पंपावर फारसा भार नसतो, वळवलं की चढतो. (तुमच्या गाडीत तेलाची टाकीच सापडत नसेल तर स्टीअरिंग विजेवर चालणारं असेल. मग या लेखाचा तुम्हाला उपयोग नाही.)

सगळे आवाज पंपाचे नसतात. गाडी सुरू करताना किंवा चाक झटक्यात वळवताना येणारी चिरकी किंकाळी पंप फिरवणाऱ्या पट्ट्याची असते: सैल झालेला, गुळगुळीत झालेला किंवा तेल लागलेला पट्टा. चाकं एका टोकाला पूर्ण वळवून धरल्यावर येणारी घरघर बहुतेकदा जादा दाब सोडणाऱ्या झडपेची असते. तो दोष नाही, पण तिथे पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवू नका, तेल झपाट्याने तापतं. आणि एक गुन्हेगार कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतो: बऱ्याच गाड्यांत टाकीच्या तळाशी बारीक जाळी असते. ती गाळाने तुंबली की पंपाला तेल पुरत नाही, जणू चिमटलेल्या स्ट्रॉने सरबत ओढावं. अशी टाकी धुऊन आवाज गेल्याचं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय.

आता गळती. जिथे थेंब पडतो तिथे गळती नसते, हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे तरी खालूनच बघतात. तेल वरून निघतं, पाइपावरून ओघळतं आणि सोयीच्या टोकावरून टपकतं. त्यामुळे आधी सगळा भाग डीग्रीझरने धुवा आणि पूर्ण सुकू द्या. मग संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, इंजिन थोडा वेळ चालू ठेवून एकदोनदा स्टीअरिंग फिरवून घ्या. इंजिन बंद करून बघा, पावडरीत ओली रेघ दिसेल. तिचं सगळ्यात वरचं टोक हे तुमचं उत्तर. पाइप चालू असताना बोटाने चाचपू नका. अशा दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते, आणि ते तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेटूही शकतं.

परतीच्या पाइपाचा क्लॅम्प निघाला तर नशीब चांगलं. दाबाच्या पाइपाला रबर आणि धातू जिथे दाबून जोडलेले असतात तिथे घाम फुटल्यासारखं ओलं दिसलं, तर पाइपच बदलायचा. कितीही आवळा, तो जोड आवळला जात नाही. पुलीच्या मागे तेल उडालेलं असेल तर पंपाच्या दांड्याचं सील गेलंय. ते बदलता येतं, पण पुली दाबून बसवलेली असेल तर ती पुलरनेच (पुली ओढून काढायचं अवजार) काढा. हातोडीने काढलेली पुली पुढे नवा आवाज घेऊन येते. शेवटी रॅकच्या (स्टीअरिंग फिरवलं की सरकून चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकांची घड्यांची रबरी बुटं हाताने दाबा. आत तेल डुचमळत असेल तर रॅकचं आतलं सील फाटलंय. इथे लोक बुटाचा क्लॅम्प आवळतात आणि गळती थांबली म्हणून खूश होतात. ती थांबलेली नसते, बूट भरत असतं.

तेल कुठलं टाकायचं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. काही गाड्यांना डेक्सरॉन जातीचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, काहींना हिरवं हायड्रॉलिक तेलच लागतं, आणि रंग जुळला म्हणून जात जुळतेच असं नाही. ब्रेक ऑइल तर कधीच नाही, ते इथली रबरी सीलं फुगवून निकामी करतं. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल माझं मत वाईट आहे. रबर मऊ करून ते काही दिवस ढकलतं, पण फाटलेला पाइप जोडत नाही.

जोड उघडला असेल तर हवा काढल्याशिवाय निकाल मानू नका. पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नको), आणि इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा. पातळी बघत तेल घालत राहा. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करा. एवढं करूनही फेस दिसला तर गाडी तासभर तशीच सोडा. चाव्या फिरवून हे काम लवकर होत नाही.

पंप खरंच जातो तेव्हा काय दिसतं? पातळी बरोबर, फेस नाही, जाळी साफ, पट्टा ठीक, तरी घुंई; किंवा तेलात चांदीसारखी चकाकणारी धातूची भुकटी. मग जरूर बदला. पण आधी पाइप आणि टाकी धुऊन घ्या, नाहीतर नव्या पंपाला जुन्याची भुकटी खावी लागते.

तेव्हा फोन इंजिनजवळ धरू नका. इंजिन बंद करा, झाकण उघडा, आत उजेड मारा आणि एवढंच सांगा: फेस आहे का?