झिजलेल्या नाण्याची टांकसाळ ओळखताना

नाण्यावर सालाखाली टांकसाळीचं छोटं चिन्ह असतं: मुंबईचं शंकरपाळं, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याचं काहीच नाही. एवढं पाठ असलं की कोऱ्या नाण्याची टांकसाळ चटकन सांगता येते. पंचवीस-तीस वर्षं गल्ल्यांतून फिरलेल्या तांबे-निकेलच्या नाण्यावर मात्र सालाखाली नुसता एक फुगवटा उरतो. १९७५ ते १९९० मधल्या पन्नास पैशांची आणि रुपयांची अशी एक पुडी मी लावून काढली, ती या क्रमाने.

आधी साल, मग चिन्ह. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली. म्हणजे १९८४ च्या रुपयावरचा फुगवटा कितीही गोल दिसला, तरी तो नोएडाचा नाही. कोपरे गेलेलं शंकरपाळं तरी असेल, नाहीतर टोकं गेलेला तारा. १९८५ साल आलं की मी ते नाणं बाजूला ठेवतो, कारण त्या वर्षी बाहेरच्या देशांतूनही नाणी पाडून घेतली होती. तिथे चिन्ह कुठे आहे हे त्याच्या आकाराइतकंच महत्त्वाचं. शंकरपाळं सालाच्या मधोमध असेल तर मुंबई, पहिल्या आकड्याखाली असेल तर ब्रिटनमधली लॅन्ट्रिसंट. पन्नास पैशांवर पहिल्या आकड्याखालचा तारा दक्षिण कोरियाचा, हैदराबादचा नव्हे. बर्मिंगहॅमच्या रुपयावर इंग्रजी ‘एच’ आहे. तो झिजला की मधली आडवी रेघ आधी जाते आणि दोन उभे दांडे राहतात. ते ओरखडे समजून सोडून देऊ नयेत.

दुसरी पायरी मळ काढण्याची, घासण्याची नव्हे. नाणं रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायचं. चिकटपणा उरला तर काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन घेऊन दहा-पंधरा मिनिटं बुडवायचं. खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यातलं तेल आणि सुवास नाण्यावर थर सोडतात. आकड्यांच्या कोपऱ्यात अडकलेला मळ भिजल्यावर बांबूच्या दातकोरणीने सुटतो, सुई लावायची नाही. चिंच, राख, भांड्यांची पावडर यांनी नाणं चकाकतं, पण उरलासुरला उठावही त्यात जातो. पैशांच्या अॅल्युमिनियमच्या नाण्यांना सोडा तर दाखवूच नये. धातूच खाल्ला जातो आणि पडलेले खड्डे नंतर चिन्हासारखे दिसतात.

खरं काम प्रकाशाचं आहे. दहापट भिंग पुरतं. त्याहून मोठ्यात ओरखडेच जास्त दिसतात. वरचा दिवा बंद करून एकच छोटा एलईडी टेबलाच्या पातळीला, जवळजवळ आडवा धरतो आणि नाणं थोडं थोडं फिरवत पूर्ण वळसा घेतो. उठावाची सावली दिव्याच्या उलट बाजूला पडते, खड्ड्याची दिव्याकडच्या काठाला. एवढ्या परीक्षेत निम्मे खोटे ठिपके गळतात.

आता नजर कुठे ठेवायची. उठाव तळाशी रुंद आणि माथ्याला निमुळता असतो. माथा झिजला की चिन्ह पसरट दिसतं आणि त्याचे कोपरे बोथट होतात, म्हणून माथ्याकडे बघून ठरवलं की चूक होते. उठाव सपाट पृष्ठाला जिथे मिळतो ती तळाची रेघ सगळ्यांत उशिरा जाते. ती चारी बाजूंनी वाचायची. दोन समोरासमोरची टोकं किंचित ताणलेली असली तर शंकरपाळं. कडेला आत गेलेली खाच दिसली तर तारा, एक खाच पुरते. सगळीकडे सारखा वळसा असेल आणि साल १९८८ किंवा पुढचं असेल, तरच ठिपका. नाणं पाडणाऱ्या ठशाला गंज लागून आलेला फुगवटा वेडावाकडा असतो आणि त्याचे भाऊबंद आजूबाजूला सापडतात.

पन्नास-साठच्या दशकांतल्या हैदराबादच्या नाण्यांवर वेगळाच घोटाळा आहे. तिथे मधोमध चिरलेलं शंकरपाळं किंवा पोटात ठिपका असलेलं शंकरपाळं वापरलं गेलं. चीर बुजली की ते हुबेहूब मुंबईचं होतं. या नाण्यांच्या बाबतीत त्याच सालाचं, त्याच मूल्याचं, टांकसाळ नक्की माहीत असलेलं नाणं शेजारी ठेवल्याशिवाय मी काही लिहीत नाही.

सगळ्यांत जास्त चुका ‘काहीच नाही म्हणजे कोलकाता’ या वाक्याने होतात. चिन्ह झिजून गेलेलं असू शकतं. ठशातली बारीक खळगी ग्रीसने भरून ते मुळात उमटलेलंच नसेल, असंही होतं. सालाच्या आकड्यांचे खालचे भाग आणि जवळची किनार ठसठशीत असतील, तरच कोरी जागा हा पुरावा. आकडेच पुसट असतील तर कोलकाता म्हणायला आधार नाही. जागा भोवतीपेक्षा जास्त चकचकीत किंवा एकाच दिशेने घासलेली दिसली तर चिन्ह कुणीतरी काढलंय, असा संशय घ्यावा. दुर्मीळ सालांत हे होतं.

ब्रिटिश राजांच्या चांदीच्या रुपयांना हाच न्याय पूर्ण लागत नाही. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबईचा उठावदार ठिपका तळाच्या कमळाखाली असतो आणि कोलकात्याचं चिन्ह नसतं, म्हणजे वरचे सगळे धोके आहेतच. सातव्या एडवर्डच्या रुपयावर (१९०३ ते १९१०) मुंबईचा ‘बी’ मात्र तळाच्या फुलापाशी खोलगट कोरलेला आहे. खोलगट अक्षर भोवतालची पातळी खाली येईपर्यंत टिकतं, फक्त मळाने भरतं. त्यामुळे अॅसिटोनचा खरा उपयोग इथे दिसतो. माळेत ओवलेल्या रुपयाची कडी बहुधा वरच्या कडेला डाग देऊन जोडलेली असते आणि चिन्ह तळाला, त्यामुळे डागाखाली ते सहसा जात नाही. कपड्यावर घासून गेलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

पाकिटावर मी तीनच शेरे लिहितो: ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘वाचता येत नाही’. पाकीट पीव्हीसी नसलेलं घ्यायचं आणि शेरा नाणं आत घालण्याआधी लिहायचा, नाहीतर पेनचा दाब नाण्यावर येतो.