पळस्पे ते कन्याकुमारी: सतरा नंबरची दोन टोकं शोधताना

आमच्या बाबांसाठी मुंबई-गोवा रस्ता आजही 'सतरा नंबर'च आहे. एसटीत चालक म्हणून त्यांची निम्मी नोकरी याच रस्त्यावर गेली, पण पणजीच्या पुढे जायचा योग कधी आला नाही. "सतरा नंबर कोचीला संपतो म्हणे, एकदा बघायचा होता," असं निवृत्तीनंतर दोन-तीनदा बोलून गेले. या जानेवारीत गाडी काढलीच. निघण्याआधी त्यांना सांगितलं, की २०१० साली देशभरातल्या महामार्गांचे नंबर बदलले, सतराचा सहासष्ट झाला आणि त्याचं शेवटचं टोक कोचीहून कन्याकुमारीला गेलं. बाबा म्हणाले, "मग दोन्ही टोकं बघू." सहा दिवस लागले.

सुरुवात पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याला होते. मुंबईत राहणाऱ्या कितीतरी जणांना हा रस्ता शहरातूनच निघतो असं वाटतं, पण कागदोपत्री तो पूर्वीही इथूनच सुरू व्हायचा, आजही इथूनच होतो. वाशीचा पहिला खाडीपूल १९७० च्या दशकातला. त्याआधी मुंबईची गाडी ठाणे-मुंब्र्यावरून फिरून पनवेलला यायची. फाट्यावर सुरुवातीची पाटी शोधत थांबू नका. आम्हाला ती दिसली नाही आणि वाहनांची रांग तुम्हाला उभं राहू देत नाही. फोटो हवा असेल तर कर्नाळ्याच्या दिशेने थोडं पुढे जाऊन, रस्त्याच्या पूर्ण बाहेर गाडी घेऊन काढा.

इथेच एक सूचना. मोबाइलचा नकाशा तुम्हाला पुणे-कोल्हापूर-आंबोली असा वळवायला बघेल. महामार्गच धरायचा असेल तर महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली हे थांबे आधीच टाकून ठेवा. आणि शोधताना 'एनएच १७' टाकू नका. तो नंबर आता पश्चिम बंगाल-आसामातल्या रस्त्याला दिलाय. बाबांना हे सांगितल्यावर वडखळपर्यंत ते काही बोलले नाहीत.

कोकणातला टप्पा तुम्हाला माहीत असेल, तेव्हा लांबण लावत नाही. कशेडीला आता बोगदा आहे, घाटाची वळणं टळतात. परशुराम घाटात पावसाळ्यात दरडीचा धोका असतो, म्हणून जून ते सप्टेंबर हा प्रवास करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. महाडजवळ सावित्रीच्या पुलावर बाबांनी गाडी हळू घ्यायला सांगितली आणि खिडकीतून हात जोडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. नवा पूल पुढच्याच वर्षी जूनमध्ये सुरू झाला. या पुलावर मागून कोणी हॉर्न वाजवला तरी वाजवू द्या.

नव्या नंबरांची रीत समजून घेतली तर पाट्या वाचायला मजा येते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. आपला रस्ता अगदी पश्चिम किनाऱ्याचा, म्हणून आकडा मोठा. त्याच्या फाट्यांना तीन आकडी नंबर, शेवटी ६६ येणारे. हातखंब्याला भेटणारा रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता १६६, आणि वडखळहून अलिबागला जाणारा १६६ अ.

पहिला मुक्काम कुडाळला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रादेवीला थांबलो, आणि या प्रवासात मला सर्वांत जास्त सांगायचंय ते इथलं. झारापच्या पुढे नवा रस्ता सावंतवाडीला बाहेरून टाळून थेट बांदा-पत्रादेवीकडे येतो आणि गोव्याची हद्द कधी लागली ते कळतही नाही. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता. मुंबईकडून येणाऱ्या माणसाचा रस्ता खरोखर इथेच संपायचा. १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रही या हद्दीवर चालत आले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांचं स्मारक इथे आहे. पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून ते नजरेतून निसटतं. दहा मिनिटं काढा, उतरा. महामार्गाचं टोक म्हणजे नुसती नकाशावरची खूण नव्हे, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

गोवा मुक्त झाल्यावरही रस्ता लगेच सलग झाला नाही. मध्ये नद्या होत्या. जुवारीवर १९८३ पर्यंत गाड्या फेरीबोटीतून जायच्या. पणजीला मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला आणि १९९२ मध्ये दुसरा होईपर्यंत पुन्हा फेरीबोटच. बाबांना ती रांग आठवते. प्रवाशांना अलीकडे उतरवायचं, त्यांनी बोटीने पलीकडे जायचं आणि तिथून दुसरी गाडी पकडायची. म्हणजे कागदावर नंबर कोचीपर्यंत पोचलेला असताना त्यांच्या एसटीचं टोक मात्र मांडवीच्या काठावर होतं. आता मांडवीवर अटल सेतू आहे, जुवारीवर नवा केबलचा पूल आहे, कुठेच थांबावं लागत नाही. कारवारला काळी नदीवरचा जुना पूल मात्र ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर पडला. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही बाजूंची वाहतूक नव्या पुलावरूनच होती. तिथे ओव्हरटेक करू नका.

कर्नाटकातला भाग सर्वांत सोपा. चारपदरी रस्ता, मोकळा वेग. मरवंत्याला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मधून रस्ता. संध्याकाळी पोचाल असं बघा. मुक्काम उडुपीला बरा पडतो.

तलपाडीच्या पुढे केरळ लागतं आणि हिशेब बदलतो. सहापदरीकरणाचं काम ठिकठिकाणी चालू, बाजूच्या अरुंद रस्त्यावरून सगळी रहदारी. कोकणात आपण तासाला पन्नास किलोमीटर धरतो, इथे तीस-पस्तीस धरा म्हणजे चिडचिड होणार नाही. रात्री चालवूच नका. काँक्रीटचे अडथळे अंधारात अचानक पुढे येतात. तलश्शेरी-माहे बाह्यवळण मार्च २०२४ पासून सुरू आहे, तिथे बराच वेळ वाचतो. पण माहे हे पुदुच्चेरीचं गाव, तिथलं पेट्रोल केरळपेक्षा स्वस्त. टाकी रिकामी असेल तर गावातून जा.

कोळिक्कोडचा मुक्काम उरकून, कोडुंगल्लूर-परवूर करत चौथ्या दिवशी दुपारी कोचीतल्या एडप्पळ्ळीला पोचलो. हे ते जुनं टोक. पनवेलपासून १,२६९ किलोमीटर, त्यातले ४८२ महाराष्ट्रातले. इथे सतरा नंबर सेलम-कन्याकुमारी सत्तेचाळीसला येऊन मिळायचा आणि संपायचा. डोक्यावरून मेट्रो, खाली चारी बाजूंनी गाड्या. गाडी मॉलच्या पार्किंगमध्ये लावून पायी गेलो आणि मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरून चौक पाहिला. तेवढ्यात बाबांनी खांद्यावर हात ठेवून समोर दाखवलं. टायरच्या एका दुकानाच्या जुन्या पत्र्यावर मल्याळम अक्षरांखाली पत्ता रंगवलेला होता, त्यात इंग्रजीत 'एनएच १७'. रंगाचे पापुद्रे निघालेले, एकाचा आकडा अर्धा गंजलेला, साताचा शाबूत. सरकारी पाट्यांवर आम्हाला तो नंबर कुठेच मिळाला नव्हता. बाबांनी त्या पाटीचा फोटो काढला, आणि मग मला पाटीखाली उभं करून अजून एक काढला.

इथून पुढे नवीन डांबर काही अंथरलेलं नाही, हे लक्षात घ्या. जुन्या सत्तेचाळीसचे दोन तुकडे केले. सेलम ते एडप्पळ्ळी झाला ५४४, आणि दक्षिणेकडचा भाग जुन्या सतराला जोडून सलग ६६ केला. त्यामुळे आलप्पुळा, कोल्लम, तिरुवनंतपुरम हे सगळं पूर्वीपासून महामार्गावरच होतं, फक्त दुसऱ्या नंबरच्या. मला हा बदल पटतो. पनवेलहून किनारा धरून निघालेल्या माणसाला आता शेवटपर्यंत एकच आकडा पुरतो. आलप्पुळा आणि कोल्लमला बाह्यवळणं झाली आहेत. आलप्पुळ्याच्या उड्डाणपुलावरून डाव्या हाताला गाव आणि उजव्या हाताला समुद्र दिसतो. पाचवा मुक्काम तिरुवनंतपुरमला.

कळियिक्काविळैला तमिळनाडूची हद्द. तिथून नागरकोविलपर्यंत अंतर थोडं, पण बाजारपेठा दाट. मार्तांडमला भर दुपारी अडकलात तर तास जातो, म्हणून तिरुवनंतपुरम सकाळी सहाला सोडा. वाटेत तक्कलैजवळ पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा आहे. सोमवारी बंद असतो, तेवढं बघून दिवस ठरवा.

कन्याकुमारीला पूर्वीही दोन महामार्ग संपायचे, वाराणसीहून येणारा ७ आणि सेलमहून येणारा ४७. आजही दोनच संपतात, श्रीनगरहून येणारा ४४ आणि आपला ६६. आम्हाला ४४ च्या पाट्या पुष्कळ दिसल्या, ६६ ची अखेर सांगणारी एकही दिसली नाही. बाबांनी रिक्षावाल्याला हातवारे करून विचारलं, त्याने समुद्राकडे बोट दाखवलं.

परतताना त्याच वाटेने येऊ नका. ४४ ने मदुरै, सेलम करत बंगळूरु गाठा, तिथून ४८ धरा. हुबळी, कोल्हापूर, पुणे करत तो तुम्हाला बरोबर पळस्पे फाट्यावरच आणून सोडतो. जेवणखाण धरून तीन दिवस पुरतात.