जीभ घसरते तेव्हा

नेता आपल्या पक्षाचा असेल तर त्याची जीभ घसरते, समोरच्या पक्षाचा असेल तर त्याच्या पोटातलं ओठावर येतं. वाक्य तेच, माणूस बदलला की निदान बदलतं. बेळगावात हे जरा जास्तच चालतं. इथे महाराष्ट्र एकीकरण समितीवाला, काँग्रेसवाला आणि भाजपवाला एकाच कट्ट्यावर बसून एकच पेपर पानं वाटून वाचतात, आणि पुढाऱ्यांची भाषणं आम्ही मराठी, कन्नड, हिंदी अशी तिन्ही भाषांत ऐकतो. घसरायला जागा भरपूर.

२०१८ ची कर्नाटक विधानसभेची निवडणूक त्या बाबतीत सुगीची होती. मार्च महिन्यात दावणगेरेच्या पत्रकार परिषदेत अमित शहा म्हणाले की भ्रष्टाचाराची स्पर्धा लावली तर येडियुरप्पा सरकारचा पहिला नंबर येईल. म्हणायचं होतं सिद्धरामय्या, तेव्हाचे काँग्रेसचे मुख्यमंत्री. शहांच्याच भाजपचे येडियुरप्पा शेजारीच बसले होते. त्याच प्रचारात मळवळ्ळीला सिद्धरामय्या आपल्या आमदाराचं, नरेंद्रस्वामींचं कौतुक करायला उभे राहिले आणि गावात झालेल्या कामांचं श्रेय नरेंद्र मोदींना देऊन मोकळे झाले. दोघांनीही लगेच दुरुस्ती केली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चुकून निघतं तेच खरं, हा न्याय दोघांनाही लावायचा तर शहा मनातून सिद्धरामय्यांचे चाहते आणि सिद्धरामय्या मनातून मोदींचे. मग दोघांनी स्टेज बदलून प्रचार केला असता तर दोघांचंही समाधान झालं असतं. पण कट्ट्यावर हा न्याय कुणी दोघांना लावत नाही. अर्ध्यांना पहिली क्लिप खरी वाटते, उरलेल्या अर्ध्यांना दुसरी.

मला यात मनाचा फारसा हात दिसत नाही. त्या वर्षी ‘नरेंद्र’ म्हटल्यावर पुढे दुसरं काय येणार होतं? जीभ रोजच्या वाटेने गेली, एवढंच. आमची आजी मला हाक मारायची तेव्हा आधी काकाचं नाव, मग धाकट्याचं, आणि फारच घाईत असली तर कुत्र्याचं नाव घ्यायची. त्यावरून ती मला कुत्रा समजते असं घरात कुणी म्हणालं नाही. (आई एकदा म्हणाली होती, पण त्याची कारणं वेगळी होती.)

हा वाद तसा जुना आहे. ऑस्ट्रियाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष एकदा बैठक सुरू करायला उठले आणि ‘बैठक संपली असं जाहीर करतो’ म्हणाले. हा प्रसंग आधी नोंदवला होता रुडॉल्फ मेरिंगर या भाषाशास्त्रज्ञाने. लोकांच्या बोलण्यातल्या चुका तो जमवायचा, आणि त्याच्या मते सुरू आणि संपली हे डोक्यात शेजारी राहणारे शब्द, एकाला हाक मारली की दुसराही ओ देतो. १९०१ मध्ये मनोविश्लेषक फ्रॉइडने तोच प्रसंग उचलला आणि सांगितलं की अध्यक्षांना त्या बैठकीतून काही चांगलं निघेल असं वाटतच नव्हतं, ती संपावी हीच त्यांची इच्छा. फ्रॉइडचं म्हणणं ऐकायला गोड आहे. आमच्या सुवर्ण विधानसौधात डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा लॉज भरतात, मोर्च्यांनी रस्ते अडतात, समितीच्या मेळाव्याला परवानगी मिळणार की नाही यावर पोलीस आणि कार्यकर्ते आमनेसामने येतात. ते सुरू व्हायच्या आधीच संपावं अशी इच्छा असणारे शहरात कमी नाहीत. पण त्यांची जीभ कधी घसरत नाही. ते सरळच बोलतात.

२०२३ च्या निवडणुकीतली एक सभा मी जवळून बघितली, कारण स्पीकरचं काम माझ्या मित्राकडे होतं आणि मी त्याच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. उचगावच्या बाजूचं गाव, देवळासमोरचं पटांगण. उमेदवार कन्नड भाषिक, मतं मराठ्यांची, तेव्हा भाषण मराठीत. त्याने खिशातून चिठ्ठी काढली, चार घड्यांची, घामाने मऊ पडलेली. मराठी वाक्यं, पण कन्नड अक्षरांत लिहिलेली. बिचारा एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होता. आणि ‘आम्ही तुमचे सेवक आहोत’ या ठिकाणी तो छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘तुम्ही आमचे सेवक आहात.’

पटांगण हसलं. ‘खरं ते बोललास बघ!’ असं मागून कुणीतरी ओरडलं. उमेदवाराने बावरून चिठ्ठीत बघितलं, पुन्हा लोकांकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठीत. काय चुकलं ते त्याला कळलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत क्लिप खानापुरापर्यंत पोचली. सभा झाल्यावर चिठ्ठी मशीनवरच राहिली होती, म्हणून मित्राने ती वाचून घेतली. त्याला कन्नड वाचता येतं. वाक्य बरोबर होतं. आम्ही आणि तुम्ही एकाखाली एक आले होते, बोट एक ओळ खाली गेलं होतं.

त्या माणसाबद्दल मला जे कळलं ते नंतर, माईक बंद झाल्यावर. स्टेजवरून उतरताना एका म्हातारीने त्याला अडवून नळाला पाणी येत नाही म्हणून सांगितलं. त्याने अगदी आदराने ऐकलं, ‘होय आई’ म्हणाला, बरोबरच्या माणसाला कन्नडमध्ये म्हणाला, नाव लिहून घे. त्या माणसाने मान डोलावली. त्याच्या हातात ना कागद होता ना पेन, आणि त्या दोघांनाही यात काही खटकलं नाही.

म्हणून मी हल्ली दचकणं बघतो. जो बोलून स्वतःच दचकतो किंवा बावरतो, त्याला सोडून द्यावं. न दचकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. २०१३ मध्ये दुष्काळात इंदापूरला अजित पवार पाण्यासाठी उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याबद्दल बोलताना धरणात पाणीच नाही तर काय मुतायचं, असं म्हणाले. नंतर माफी मागितली, कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी एक दिवस आत्मक्लेश केला. पण ती जीभ घसरली असं मला आजही वाटत नाही. ते रंगात आलेलं बोलणं होतं. समोर आपली माणसं आहेत, त्यांना आवडेल, या हिशेबाने केलेलं. त्यात मनातलं काय होतं म्हणाल, तर ऐकणाऱ्यांबद्दलचा अंदाज.

आर. आर. आबांचं मी यात धरत नाही. २६/११ नंतर मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतात अशा अर्थाचं ते हिंदीत बोलले आणि त्यांना पद सोडावं लागलं. सिनेमातलं तयार वाक्य होतं, उसन्या भाषेत, दमलेल्या माणसाच्या तोंडी आलं. तिन्ही भाषांत वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना हे पटकन कळतं. परक्या भाषेत अडखळलं की पाठ असलेलं आधी बाहेर पडतं. पद जाणं योग्यच होतं, गृहमंत्र्याने तोलूनच बोलायला हवं. पण मेलेल्यांची त्यांना किंमत नव्हती असा अर्थ मी काढणार नाही.

आमच्या गावात घडलेलं मात्र मी सोडणार नाही. १६ डिसेंबर २०२१, सुवर्ण विधानसौध. प्रत्येक आमदाराला बोलायला वेळ हवा होता आणि सभागृह आवरत नव्हतं. जे होतंय त्याची मजा घ्यावी असं काहीसं विधानसभाध्यक्ष विश्वेश्वर हेगडे कागेरी म्हणाले. त्यावर काँग्रेसचे आमदार रमेश कुमार उठले. बलात्कार टळणार नसेल तर पडून राहून मजा घ्यावी अशी म्हण आहे, तुमची तीच स्थिती आहे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी माफी. सहज बोलून गेलो, म्हणे. पण याच गृहस्थांनी २०१९ मध्ये, स्वतः अध्यक्षांच्या खुर्चीत असताना, आपली तुलना बलात्कार झालेल्या बाईशी केली होती. जवळपास तीन वर्षांनी त्याच जागी घसरते ती जीभ नव्हे.

आणि त्याहून वाईट म्हणजे ते हसू. अध्यक्ष हसले. रमेश कुमारांच्या मनात काय होतं यावर दोन दिवस चर्चा झाली, हसणाऱ्यांच्या मनात काय होतं हे विचारणारे आवाज त्या मानाने थोडे. हसणाऱ्याला विपर्यास झाला असंही म्हणता येत नाही, त्याने तर शब्दही काढलेला नसतो. एरवी कॅमेरा बोलणाऱ्यावर रोखलेला असतो आणि बाकांवर कोण हसतंय ते आपल्याला दिसत नाही. त्या दिवशी अध्यक्षांची खुर्ची चौकटीत होती, म्हणून सापडलं.