ढग कुणाच्या मालकीचे?

रविवार, रात्र

ऑक्टेव्हिया बटलरची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ संपवली. १९९३ची कादंबरी, तीही रोजनिशीच, आणि तिच्या पहिल्या नोंदीवर तारीख २० जुलै २०२४! लेखिकेने दूर म्हणून ठेवलेली तारीख आपण केव्हाच ओलांडली. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं पाऊस नाही, पाणी पेट्रोलपेक्षा महाग, वस्तीच्या भिंतीबाहेर जाळपोळ. वाचून इतकं गुदमरायला झालं की आज मुद्दाम सुखी जगांकडे वळले.

विल्यम मॉरिसच्या ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’मध्ये (१८९०) नायक पुढच्या काळात जागा होतो, तर थेम्स स्वच्छ, धूर ओकणारे साबणाचे कारखाने गायब, नदीत सामन मासे. मोहात पडावं असंच सगळं. पण नदीतून मालाच्या नौका कशावर चालतात? कसल्याशा ‘शक्ती’वर. ती येते कुठून हे नायक विचारतच नाही. म्हणे, सांगितलं तरी कळणार नाही. मला ही चक्क पळवाट वाटते. नरक रंगवणाऱ्याला कोळसा कुठून आला हे सांगावं लागत नाही. स्वर्ग रंगवणाऱ्याला मात्र इंधन आणि पाणी दोन्हींचा हिशेब द्यावाच लागतो.

तो हिशेब दिला रुकैया सखावत हुसेन यांनी, १९०५ साली, ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये. मद्रासच्या एका मासिकात छापून आलेली इंग्रजी गोष्ट. पुरुष पडद्याआड आणि कारभार बायकांच्या हाती, एवढ्यावरच बहुतेक चर्चा थांबते. मी थांबले स्वयंपाकघरापाशी. भाजीच्या बागेत उभं, टोमॅटोची रोपं हीच त्याची सजावट. धूर नाही, धुराडं नाही, कोळशाचा मागमूस नाही. सगळं शिजतं साठवलेल्या उन्हावर. आयुष्यभर चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बायका जिने पाहिल्या असतील, तिलाच स्वर्गात आधी धुराडं काढावंसं वाटणार. (रुकैयांच्या नवऱ्याने गोष्ट उभ्याउभ्या वाचून काढली आणि म्हणाले, ‘भयंकर सूड!’ चुलीबद्दल काही बोलल्याची नोंद नाही.)

पाण्याचंही उत्तर आहे. बायकांचं एक विद्यापीठ नळ्या जोडलेला फुगा आकाशात सोडतं आणि हवं तेवढं पाणी थेट वातावरणातून ओढून घेतं. त्यामुळे ढग जमतच नाहीत. पाऊस बंद, वादळं बंद, चिखलही नाही.

इथे मात्र मी पुस्तक पालथं ठेवलं. चिखल नको हे पटलं, पण तो फुगा ओढतो ते पाणी पुढे कुणाच्या तरी शेतावर पडणार होतं ना? आमच्याकडे धरणातून खाली किती पाणी सोडायचं यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा कोर्टापर्यंत गेले आहेत. ढगच अडवले तर वरचा कोण आणि खालचा कोण हे ठरवणार तरी कसं? गोष्टीतल्या या राज्याची राणी अभिमानाने सांगते की आम्हाला दुसऱ्याची जमीन नको, हिऱ्यासाठीही आम्ही लढत नाही. तिच्या सरहद्दीपलीकडच्या, पावसाची वाट पाहणाऱ्या एखाद्या शेतकरणीची रोजनिशी मला वाचायची आहे.