जाम गेटचा घाट आणि झटके मारणारी गाडी : निघण्याआधी रेस केबल बघा

इंदूरहून जाम गेटमार्गे महेश्वरला बाइकने निघणार असाल आणि गाडी कमी वेगात झटके मारत असेल, तर आधी रेस केबल (हँडलच्या ग्रिपपासून इंजिनाकडे जाणारी तार) बघा, मग चेन, मग मागच्या चाकातले हब रबर (चेनचा धक्का शोषणारे रबरी तुकडे). बाकी सगळं नंतर. थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, मॅपिंग, इथेनॉल असे शब्द कानावर पडायला लागले की खिशावर हात ठेवा. माझ्याकडून साडेतीन हजार काढले गेले आणि गाडी होती तशीच राहिली. त्या रागातच हे लिहितोय, तेव्हा भाषा जरा सांभाळून घ्या.

गाडी साडेतीनशे सीसीची, सिंगल सिलिंडर, बीएस-सहा (प्रदूषणाच्या नव्या नियमांची), इंजेक्शनवाली, रेस मात्र केबलवर. हायवेला साठ-सत्तरने लोण्यासारखी चालते. रडारड सगळी तीसच्या खाली. पलासियाच्या सिग्नलला, राजवाड्याच्या गर्दीत, कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवर रेस बंद करून पुन्हा हलकेच उघडली की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. बंद करताना नाक जमिनीला, उघडताना मान मागे. शहरात हे चालून जातं. घाटात नाही.

निघण्याआधी गाडी शहरातल्या एका चकाचक वर्कशॉपमध्ये दाखवली. लॅपटॉप जोडला, पडद्यावर काही आलेख हलले. बिलात तीन ओळी : थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, ‘ईसीयू मॅपिंग’ (ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक). मॅपिंग म्हणजे नेमकं काय केलं विचारलं तर उत्तर आलं, ‘भिया, अब मक्खन चलेगी.’ एरर कोड एकही नव्हता, हेही त्यांनीच सांगितलं. मग मॅपिंग कशाचं केलं, ते आजतागायत कळलेलं नाही. कंपनीच्या ईसीयूमध्ये असे सहजासहजी कुणी आकडे बदलत नाही. बहुतेक वेळा मेमरी रीसेट करतात आणि बिलावर भारदस्त नाव छापतात.

रस्त्याचं थोडक्यात. सकाळी लवकर निघा, राऊपर्यंतची गर्दी लागायच्या आत. महू (कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर) वीस-बावीस किलोमीटरवर, तिथे पोहे-जलेबी उरकून घ्या. पुढे हॉटेलांची निवड कमी होते आणि आपल्या इंदुरी जिभेला जीरावन मसाला नसलेले पोहे फार लागत नाहीत. महूपासून जाम गेटपर्यंत रस्ता सोपा, पावसाळ्यात सुंदर, लिहिण्यासारखं काही नाही. रविवारी मात्र जाऊच नका. भुट्टे, मॅगी, रील काढणारी पोरं आणि वाटेल तशा उभ्या केलेल्या गाड्या. अहिल्याबाईंनी 1791 साली बांधलेला दरवाजा माळव्याच्या अगदी काठावर उभा आहे. पलीकडे जमीन खाली कोसळते आणि निमाड सुरू होतो. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, नर्मदाकाठ दीड-पावणेदोनशे मीटरवर. हा फरक उतरायचा मुख्य हप्ता याच घाटात भरावा लागतो.

आणि इथे माझ्या गाडीने रंग दाखवले.

चढताना त्रास कमी होतो, कारण रेस सतत उघडी असते आणि चेन ताणलेली राहते. उतरताना उलटं. दुसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण बंद करून इंजिनावर गाडी धरलेली, वळण आलं, वेग पंधरा-वीसवर, वळणाच्या मध्ये गाडी सरळ करायला जराशी रेस हवी आणि नेमकी तिथेच ती झटक्याने येते. गाडी आडवी झुकलेली, खाली खडी-वाळू, बाहेरच्या बाजूला दरी. समोरून पिकअप आली की तिला जागा द्यायची की गाडी सांभाळायची? मागे बायको. तीन-चार वळणांनंतर ती ओरडली, ‘अहो, दर वळणाला माझं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतंय, आपण काय टाळ आहोत का?’ हसू आलं, पण हातांना घाम सुटला होता. अर्धा घाट क्लच अर्धवट दाबूनच उतरवला. खाली पोचेपर्यंत डावा पंजा वळत नव्हता.

हे का होतं, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे. इंजेक्शनच्या गाडीत रेस पूर्ण बंद केली आणि इंजिन अजून बऱ्यापैकी फिरत असलं, की ईसीयू पेट्रोल तोडतो. पुन्हा उघडली की पेट्रोल पुन्हा सुरू. ही पायरी बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असते, नव्या नियमांच्या गाड्यांत जरा जास्त जाणवते, आणि ती आपण काढू शकत नाही. पण त्या पायरीच्या पुढे-मागे जेवढी ढिलाई, तेवढा धक्का मोठा. केबल ढिली असेल तर मनगट फिरतं, बटरफ्लाय (थ्रॉटल बॉडीतली हवेची झडप) हलत नाही, आणि मग आपण नकळत गरजेपेक्षा जास्त फिरवतो. चेन सैल असेल तर आधी ती ताणली जाते, मग चाक ओढते. हब रबर बसलेले असतील तर स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आधी रिकामं फिरतं, मग आपटतं. तिन्ही ढिलाया एकावर एक चढल्या की आपल्याला वाटतं इंजिनातच खोट आहे.

मंडलेश्वरला रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं टपरीवजा दुकान दिसलं. बाहेर पाण्याच्या मोटरी आणि दोन जुन्या मोपेड उघडून ठेवलेल्या. त्याने गाडी चालवूनही बघितली नाही. इंजिन बंद असतानाच ग्रिप दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवली. बोटाच्या पेराएवढी फिरत होती आणि काहीच होत नव्हतं. मग हँडलजवळच्या अॅडजस्टरवरची रबरी टोपी मागे सरकवली. आत धूळ जशीच्या तशी, लॉकनटवरचा कारखान्यातला पिवळा रंग अखंड. म्हणजे साडेतीन हजार घेणाऱ्यांनी तिथे पानासुद्धा लावला नव्हता! मिस्त्री एवढंच म्हणाला, ‘इंजन में कुछ नहीं है साब, तार ढीला है.’ मी तिथल्या तिथे वर्कशॉपच्या नावाने जे बोललो ते इथे लिहिता येत नाही.

आता कामाचं. पाने गाडीच्या टूलकिटमध्येच असतात.

केबल : लॉकनट सैल करा, अॅडजस्टर थोडा थोडा बाहेर फिरवा, ग्रिपच्या कडेवर मोजून दोन-तीन मिलिमीटर रिकामी हालचाल उरली की थांबा, लॉकनट आवळा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. हँडलकडचा अॅडजस्टर संपला तर थ्रॉटल बॉडीकडे दुसरा असतो, मोठा फरक तिथे काढायचा. दोन केबलच्या गाडीत एक रेस उघडणारी आणि एक बंद करणारी असते. आधी बंद करणारी सैल करा, उघडणारी लावा, मग बंद करणारी नीट करा. ढिलाई शून्यावर मात्र आणू नका. यानंतरची तपासणी टाळायची नाही : गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. आरपीएम जरा जरी चढला तर केबल फार आवळली आहे किंवा कुठेतरी अडकते आहे. तशीच घाटात नेलीत तर हेअरपिनला हँडल वळवताच गाडी आपोआप रेस घेईल. शेवटी ग्रिप उघडून सोडा. ती फटकन स्वतःहून बंद झाली पाहिजे. रेंगाळली तर आतून गंज किंवा धागा तुटलेला, केबलच बदला.

चेन : खालच्या बाजूला मध्यावर वर-खाली हलवून मोजा. या वर्गातल्या गाड्यांना साधारण पंचवीस-तीस मिलिमीटर चालतं, पण नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो. चाक फिरवत चार-पाच जागी मोजा आणि सगळ्यात आवळ जागेवरून ठरवा. एका जागी ताठ, दुसऱ्या जागी लोंबणारी असेल तर चेन-स्प्रॉकेट संपलंय. किती खेचलं तरी झटका जाणार नाही. झटका जावा म्हणून चेन तारेसारखी ताणून देणारे मिस्त्री भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. मागे माणूस आणि सामान बसलं, खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की ती चेन आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगची वाट लागते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, अॅक्सलचा नट विसरू नका.

हब रबर : गाडी मेन स्टँडवर, पहिला गिअर, इंजिन बंद. मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. चेन ताणली गेल्यावरही चाक मोकळं हलत राहिलं आणि ‘ठक’ ऐकू आली, तर रबर बसलेत. माझे बसले होते. मंडलेश्वरला नवे मिळाले नाहीत. मिस्त्रीने चाक काढून जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या कापून रबरांच्या खाचांत कोंबल्या. जुगाड आहे, कायमचा उपाय नाही, पण घाट चढून इंदूर गाठायला पुरला. नवा सेट फार महाग नसतो, त्यामुळे शक्यतो घरूनच बदलून निघा. एवढ्या सगळ्या कामाचे त्याने मागितले दीडशे. मी जास्त दिले, ते त्याला आवडलं नाही.

आता खरंच इंजिनात दोष असेल तर कसं ओळखायचं? उभ्या गाडीचं आयडल वर-खाली होत असेल, सिग्नलला गाडी बंद पडत असेल, रेस सारखी धरूनही वेग हेलकावत असेल, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, एअर फिल्टर, प्लग किंवा इनटेकच्या रबरी जोडातून हवा खेचणं, यांचा संशय घ्या. आयडल स्थिर आणि धक्का फक्त रेस उघड-बंद करतानाच असेल, तर दहातल्या नऊ वेळा वरच्या तीन जागांपैकीच काहीतरी निघतं. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं म्हणाल तर पेट्रोल जाताना तेच होतं आणि येतानाही तेच. झटका गेला तो पाना लावल्यावर. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर पायलट स्क्रू (कमी रेसला पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा) तपासून घ्या, पण तिलाही केबल असतेच. रेसला केबलच नसलेल्या नव्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत हा पहिला उपाय लागू नाही. तिथे चेन आणि रबर बघा, आणि रेन मोड (रेसला सौम्य प्रतिसाद देणारा) असेल तर घाटापुरता तो लावा.

चालवण्याबद्दल दोन गोष्टी. वळणात रेस पूर्ण बंद करू नका. किंचित उघडी ठेवून वेग मागच्या ब्रेकने सांभाळा, म्हणजे चेन ताणलेली राहते आणि पेट्रोल तुटत नाही. पण हे फक्त वळणापुरतं. अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून गेलेला असेल. आणि अंगठा स्विचच्या डब्याला टेकवून ठेवा. खड्ड्यात मनगट हललं तरी रेस हलत नाही. सिंगल सिलिंडरला तिसऱ्या गिअरमध्ये वीसने रांगायला लावू नका. ती कण्हतेच, त्यात तिचा दोष नाही.

महेश्वर छान आहे. घाट, किल्ला, संध्याकाळ, सगळं छान. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

परतताना मुद्दाम त्याच घाटाने आलो, आणि मध्यावर गाडी वळवून सगळ्यात वाईट तीन वळणं पुन्हा उतरून बघितली. पेट्रोल तुटण्याची ती बारीकशी पायरी अजून जाणवते, पण धक्का नाही. बायको मागे बसून फोटो काढत होती, यावरून समजा. इतका आनंद झाला की त्या भरात अजून एक फेरी मारणार होतो, तिने डोळे वटारले. धामनोद-मानपूरवरून हायवेने यायचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही. ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धूर खात रांगण्यापेक्षा जाम गेट शंभरपट बरं. मात्र उजेड आहे तोवरच घाट पार करा. रस्ता निर्मनुष्य आहे आणि तिथे गाडी बंद पडली तर मिस्त्री थेट खाली मंडलेश्वरला किंवा वर महूला.

नवी केबल किंवा नवी चेन बसवून निघालात तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा मोजा. नवीन असताना त्या थोड्या सैल होतातच. आणि वर्कशॉपमधून गाडी घेताना बिल वाचण्याआधी अॅडजस्टरवरची ती रबरी टोपी सरकवून बघा. आत धूळ तशीच असेल तर पैसे देण्याआधी बोलायला सुरुवात करा.