मॅच झाल्या, गाव मात्र उपाशीच

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं नागपुरात कोणाला काय पडलंय, हे मलाही कळतं. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे कामठीची पोरं खेळतात तो, पायानं. तो तिकडचा हेल्मेट घालून बॉल काखेत मारून पळायचा प्रकार माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला आणि अर्धे नियम अजूनही येत नाहीत. पण माझा मावसभाऊ २०१९ मध्ये पर्ड्यू युनिव्हर्सिटीत एमएसला गेला आणि इकडे त्रिमूर्तीनगरात मावशीची पोरांची मेस, त्यामुळे करोनाचं २०२० चं वर्ष आमच्या घरानं दोन कॉलेजांच्या गावांतून एकदमच पाहिलं, एक व्हिडिओ कॉलवर आणि एक मावशीच्या ओट्यावर.

पर्ड्यू आहे इंडियाना राज्यात, वाबाश नदीच्या काठी, वेस्ट लाफायेट नावाच्या गावात. गावाची वस्ती साधारण ४५ हजार आणि युनिव्हर्सिटीत पोरं चाळीस हजारांच्या वर, आता यातलं गाव कोणतं आणि कॉलेज कोणतं ते तुम्हीच ठरवा. त्यांचं रॉस-एड स्टेडियम तेव्हा ५७ हजारांचं होतं, म्हणजे मॅचच्या दिवशी सगळं गाव आत बसवलं तरी वर जागा उरेल. भाऊ पहिल्या सेमिस्टरला सांगायचा की शनिवारी घरच्या मैदानावर मॅच असली की सकाळी सातलाच पोरं-पोरी चित्रविचित्र वेष करून बारसमोर रांगेत उभी असतात, त्याला म्हणे ब्रेकफास्ट क्लब म्हणतात. मावशीला हे सांगितलं तर तिचा एकच प्रश्न, "सकाळी सात वाजता? आणि हे शिकायला गेले हायेत ना?"

पण त्या रांगेतच गावाचं पोट आहे. घरच्या मैदानावर वर्षाला सहा-सात मॅच, म्हणजे सहा-सात शनिवार. तेवढ्या दिवसांत हॉटेलं भरतात, खोलीचा भाव कुठल्या कुठे जातो, बाहेरगावाहून आलेले जुने विद्यार्थी टी-शर्ट घेतात, खातात, पितात, आणि मग उन्हाळ्यात पोरं घरी गेली की गाव त्याच पैशावर निघतं. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या अॅन आर्बरमध्ये तर स्टेडियमसमोरची पायोनियर हायस्कूल ही शाळा आपल्या आवारात गाड्या लावू देऊन पैसे कमावते. पेन स्टेटचं गाव, नावच स्टेट कॉलेज, वस्ती ४० हजारांच्या आसपास, आणि तिथल्या बीव्हर स्टेडियममध्ये १ लाख ६ हजारांवर माणसं बसतात. आपल्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियममध्ये ४५ हजार बसले तरी वर्धा रोड जाम होतो, इथे अडीच गावं एका गावात घुसतात.

तर २०२० मध्ये झालं काय की जुलैतच आयव्ही लीगवाल्यांनी, म्हणजे हार्वर्ड-येल वगैरेंनी, त्या हंगामाचे खेळ बंद केले. ११ ऑगस्टला बिग टेन आणि पॅक-१२ या दोन मोठ्या कॉन्फरन्सनी, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांनी, एकाच दिवशी फुटबॉल पुढे ढकलला. पर्ड्यू बिग टेनमध्ये. दक्षिणेकडची एसईसी मात्र म्हणाली आम्ही खेळणार. मग खेळाडू, त्यांचे आईबाप, नेते, खुद्द ट्रम्पचा बिग टेनच्या कमिशनरला फोन, ओहायो स्टेटचा खेळाडू जस्टिन फील्ड्स याची ऑनलाइन सह्यांची मोहीम, नेब्रास्काच्या पोरांनी तर कोर्टात केस टाकली. १६ सप्टेंबरला बिग टेननं निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या शेवटी मॅच सुरू. नियम असा की रोज टेस्ट, आणि टीममध्ये पॉझिटिव्ह लोकांचं प्रमाण पाच टक्क्यांवर गेलं की किमान सात दिवस खेळ बंद.

आणि मग रोज कुठे ना कुठे मॅच रद्द. पर्ड्यू-विस्कॉन्सिन रद्द. ओहायो स्टेट-मिशिगन, जी १९१८ पासून दरवर्षी होत होती, ती रद्द. पर्ड्यू आणि इंडियाना युनिव्हर्सिटी यांची एक जुनी लाकडी बादली आहे, खरंच बादली, विहिरीवर असते तशी, १९२५ पासून जो जिंकेल तो ती घेऊन जातो. ती मॅच आधी रद्द झाली, मग पुढची तारीख दिली आणि तीही रद्द झाली. १९२० पासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. भावाच्या ग्रुपवर त्या दिवशी लोक असे हळहळत होते की मला वाटलं कोणी गेलंबिलं की काय.

आता मला जे म्हणायचंय ते इथे आहे. रद्द झालेल्या मॅचवर पानंच्या पानं लिहिली गेली, पण ज्या मॅच झाल्या त्यांचं काय? पर्ड्यूनं आयोवाला २४-२० हरवलं, रिकाम्या रॉस-एडमध्ये. टीव्हीवर मॅच दिसली, जाहिराती दिसल्या, कॉन्फरन्सला टीव्हीचे पैसे मिळाले. पण बारसमोर रांग नाही, हॉटेलात माणूस नाही, टी-शर्टवाला बसून. गावाच्या हिशोबात ती मॅच आणि रद्द झालेली मॅच यात कवडीचा फरक नव्हता. बिग टेननं हंगाम परत आणला तेव्हा सगळे म्हणाले चला, गावं वाचली. नाही हो. वाचला तो टीव्हीचा करार. आणि पैसा पुरणार नाही म्हणून, हंगाम परत यायच्या आधीच, आयोवानं स्विमिंग, टेनिस, जिम्नॅस्टिक्स असे खेळ कापले, स्टॅनफर्डनं ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं (पुढच्या मे महिन्यात ते मागे घेतलं, पण वर्षभर त्या पोरांचा जीव टांगणीला). फुटबॉलच्या ताटातलं बाकीचे खेळ खातात तिकडे, ताटच अर्धं झालं की आधी कोण उपाशी राहणार ते ठरलेलं असतं.

गावांची पंचाईत बघा. ऑक्टोबरमध्ये बिग टेनच्या बहुतेक गावांच्या मेयरांनी मिळून कॉन्फरन्सला पत्र लिहिलं. मागणी काय, तर संध्याकाळच्या-रात्रीच्या मॅच ठेवू नका, कारण मॅच उशिरा असली की पोरं दिवसभर पीत बसतात आणि मैदान रिकामं असलं तरी घराघरात पार्ट्या होतात. ज्या गर्दीवर गाव जगतं ती गर्दी नको म्हणून गावाच्याच मेयरनं अर्ज करायचा! मला त्या लोकांची खरंच दया आली. ग्राहकही तीच पोरं, रोग पसरवायची भीतीही त्याच पोरांची.

अजून एक गोष्ट जी इकडे कोणाच्या लक्षात आली नसेल. तिकडची जनगणना १ एप्रिल २०२० च्या तारखेची, आणि मार्चमध्येच पोरं सामान टाकून घरी पळालेली. नियमानं त्यांची गणती कॉलेजच्या गावातच व्हायला हवी होती, पण रिकाम्या खोलीचा फॉर्म भरणार कोण. आणि त्या आकड्यावर पुढची दहा वर्षं सरकारी पैसा वाटला जातो.

भाऊ मात्र घरी पळू शकला नाही, विमानंच बंद. जुलैत अजून एक धक्का, ६ जुलैला तिकडच्या इमिग्रेशनवाल्यांनी सांगितलं की ज्यांचे सगळे क्लास ऑनलाइन आहेत त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या आणि १४ जुलैला आदेश मागे घेतला गेला. तो आठवडा मावशीनं कसा काढला ते मी पाहिलंय, रात्री दोनला फोन करायची मला, "काही आलं का बे त्या न्यूजमध्ये?" पर्ड्यूनं ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष वर्ग सुरू केले म्हणून त्याचं निभावलं. खोलीचं भाडं त्याला चालूच होतं. त्याचा रूममेट घरी निघून गेला होता तरी त्याचंही चालू होतं, बारा महिन्यांचा करार म्हणजे बारा महिने, माणूस राहो न राहो.

आता आपल्याकडचं. नागपूर काही नुसतं कॉलेजचं गाव नाही, पण हिंगणा रोड, वानाडोंगरी, आयसी चौक, इकडे त्रिमूर्तीनगर-प्रतापनगर, बजाजनगर, हा पट्टा पोरांवरच चालतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, सगळीकडची पोरं. कॉट बेसिसवर खोल्या, मेस, झेरॉक्स, तर्री-पोह्याची टपरी, जुनी पुस्तकं, सेकंडहँड कुलर. आमच्याही घरी वरच्या मजल्यावर पोरं असतात. आपल्याकडे मॅचचे शनिवार नाहीत, आपला हंगाम म्हणजे अॅडमिशन. जून-जुलैत खोली भरली तर वर्ष निघालं, नाही भरली तर वर्षभर बोर्ड लटकतो.

मावशीकडे एक लांबडी वही असायची. डावीकडे पोराचं नाव आणि गाव, पुढे तारखांचे रकाने, जेवला तर बरोबरची खूण, नाही जेवला तर 'खा', म्हणजे खाडा. आधी सांगून खाडा केला तर महिन्याच्या शेवटी पैसे वजा, न सांगता केला तर नाही, आणि यावरून दर महिन्याला भांडणं. मार्च २०२० चं पान मी पाहिलंय. होळीला सगळी पोरं आपापल्या गावी, त्यामुळे धूळवडीच्या आसपास नुसते 'खा', 'खा', 'खा', ते नेहमीचंच. ११ मार्चला नागपुरात पहिला पेशंट सापडला, कॉलेजं बंद झाली, होळीला गेलेली पोरं आलीच नाहीत. मावशी बिचारी त्या महिन्याच्या मध्यापर्यंत खाडे लिहीतच होती, मग थांबली. पोहे, तेल, डाळ महिन्याचं भरून ठेवलेलं. गंमत म्हणजे तिकडचंही तसंच, स्प्रिंग ब्रेकला गेलेली पोरं परत वर्गात बसलीच नाहीत.

वरच्या खोल्यांचं अजून वेगळं. पोरांनी मार्चच्या सुरुवातीला कुलर खाली उतरवून, ताट्यांना नवीन वाळा भरून ठेवला होता, नागपूरचा उन्हाळा येऊन राहिला म्हणून. तो उन्हाळा त्या कुलरांनी कोरडाच काढला. भिंतीवर सेशनलचं टाइमटेबल, खुंटीला टॉवेल, एका खोलीत अर्धवट लिहिलेलं जर्नल, आणि उंदरांनी मॅथ्स-३ चं पुस्तक कोपऱ्यातून खाल्लेलं. जूननंतर एकेकाचे वडील पास काढून गाडी घेऊन यायचे, मास्क लावून दारातच उभे, "काकाजी, भाड्याचं कसं करायचं?" बाबांनी कोणाकडून अर्धं घेतलं, कोणाकडून काहीच नाही. इथे करारबिरार कुठे असतो, तोंडी सगळं. पोरांचं त्यानं भलं झालं, पण ज्यांनी वरचा मजला कर्ज काढून बांधला होता त्यांचे हप्ते तोंडी नव्हते. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यानं मशीनवर चादर टाकली आणि दुकानासमोर भाजी मांडली.

आणि नवीन हंगाम? आलाच नाही. सीईटी एप्रिल ऐवजी ऑक्टोबरमध्ये झाली, निकाल नोव्हेंबरच्या शेवटी, प्रवेश लांबत लांबत नव्या वर्षात. फायनलच्या परीक्षेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २८ ऑगस्टला निकाल लागला की परीक्षा घ्यावीच लागेल, मग नागपूर विद्यापीठानं ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन घेतली. म्हणजे परीक्षेलाही पोरगं नागपुरात यायची गरज उरली नाही. मावशीचं गणित असं होतं की परीक्षेला तरी महिनाभर मेस चालेल. आमच्याकडचा एक पोरगा गडचिरोलीकडचा, तो म्हणे रेंज मिळते म्हणून गावाबाहेरच्या रस्त्यावर बसून पेपर देत होता. त्याला जर कोणी विचारलं असतं तर तो आनंदानं आमच्या वरच्या खोलीत येऊन बसला असता.

खेळाचं म्हणाल तर इथेही मैदान सुनंच होतं. रणजी ट्रॉफी २०२०-२१ ला झालीच नाही, १९३४-३५ मध्ये सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. विदर्भानं नुकतीच लागोपाठ दोनदा जिंकलेली, त्यामुळे आम्हाला जास्त लागलं. जामठ्यात नोव्हेंबर २०१९ ला दीपक चहरनं बांगलादेशच्या ७ धावांत ६ विकेट काढल्या, त्यानंतरची इंटरनॅशनल मॅच थेट सप्टेंबर २०२२ मध्ये, तीही पावसानं आठ-आठ ओव्हरची. पण खरं सांगू का, त्यानं त्रिमूर्तीनगरात कोणाची चूल विझली नाही. आपल्याकडे पोरगं आणि खेळ यांचा धंदा एकमेकांत अडकलेला नाही, हे आपलं नशीब म्हणा किंवा आपल्या कॉलेजांतल्या खेळांची अवस्था म्हणा.

१५ फेब्रुवारी २०२१ ला कॉलेजं अर्ध्या हजेरीनं उघडायची परवानगी आली. मावशीनं गॅस भरला, मोठी पातेली घासून काढली, आणि आठवडाभरातच, २२ तारखेपासून, नागपुरात परत बंद. मार्चमध्ये शहराचा लॉकडाऊन, आणि एप्रिल कसा गेला ते नागपूरकरांना सांगायची गरज नाही.

तिकडे मात्र लवकर फिरलं. २०२१ च्या हंगामात प्रेक्षक परत आले आणि ६ नोव्हेंबरला पर्ड्यूनं तिसऱ्या नंबरवर असलेल्या मिशिगन स्टेटला ४०-२९ हरवलं, लोक मैदानात घुसले, भावानं व्हिडिओ पाठवला, त्यात नुसता कल्ला आणि त्याचं स्वतःचं बोट. डिग्री झाल्यावर, नोकरीच्या गावाहून गाडी चालवत तो मॅच बघायला परत गेला होता. हॉटेलच्या खोलीला किती पैसे मोजले ते त्यानं मावशीला अजून सांगितलेलं नाही.

मावशीची मेस २०२२ मध्ये परत सुरू झाली, पोरं कमी, कारण तोपर्यंत सगळ्यांच्या हातात जेवण मागवायचे अॅप. खाड्याचे पैसे वजा करणं तिनं बंद केलंय आणि अॅडव्हान्स दोन महिन्यांचा घेते, आधी, रोख नाहीतर यूपीआय. पोरं कुरकुर करतात, बाजूच्या मेसमध्ये असं नाही म्हणतात. ती म्हणते, "मग जा ना बाजूच्या मेसमध्ये, कोणी धरून ठेवलं?" आणि पोळी वाढते.