चौकशीपासून नोंदणीपर्यंत: ठाण्यातल्या एका सहल कार्यालयातून

नौपाड्यातल्या एका लहानशा सहल कार्यालयाचे समाजमाध्यमांवरचे काम मी पाहते. आमचे प्रवासी मुख्यतः ठाण्याचे, काही ऐरोली-वाशीकडचे, आणि त्यांत ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाण मोठे आहे. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. प्रवासाच्या जाहिरातीत गैरसोयीची माहिती जितकी आधी आणि जितकी स्पष्टपणे दिली जाते, तितकी त्या जाहिरातीतून आलेली नोंदणी टिकते. देवळापर्यंत किती पायऱ्या आहेत, बस हॉटेलच्या दारापर्यंत जाते की अलीकडेच थांबते, त्या महिन्यात तिथे पाऊस असतो का, या गोष्टी प्रसिद्धीच्या आड येतात असे अनेक व्यावसायिकांना वाटते. माझा अनुभव याच्या उलट आहे.

इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले ते जुलै २०२० मध्ये, टिकटॉकवर बंदी आल्यानंतर काही दिवसांतच. आपल्याला फॉलो न करणाऱ्या माणसापर्यंतही हा छोटा व्हिडिओ पोहोचतो, त्यामुळे ज्यांना वर्तमानपत्राच्या पुरवणीतली चौकट कधीच परवडली नसती अशा लहान सहल व्यावसायिकांना पहिल्यांदाच मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र तीन हात नाक्यावरून सुटणाऱ्या बससाठी इंदूर किंवा पाटण्याच्या प्रेक्षकाने दिलेली पसंती काही कामाची नसते. म्हणून पैसे भरून दाखवायची जाहिरात आम्ही ठाणे, मुलुंड, कळवा आणि नवी मुंबई एवढ्याच परिसरापुरती ठेवतो आणि तिचे यश व्ह्यूजवर न मोजता प्रत्यक्ष किती नोंदण्या झाल्या यावर मोजतो.

खरा निर्णय रीलवर होतच नाही. तो व्हॉट्सॲपवर होतो. ‘कार्यक्रम पाठवा’ असा निरोप येतो, आम्ही पीडीएफ पाठवतो, आणि ती काही मिनिटांत कुटुंबाच्या ग्रुपवर जाते. जाणार असतात आई-बाबा, पण पीडीएफ बारकाईने वाचतात ती पुण्यात किंवा अमेरिकेत असलेली मुले. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: हॉटेलला लिफ्ट आहे का, खोलीत कमोड आहे का, रात्रीचे जेवण किती वाजता मिळते, बाबांच्या गुडघ्यांना हा दिवस झेपेल का, आणि सहल रद्द केली तर किती पैसे परत मिळतील. मुलगी हॉटेलचे नाव गूगलवर शोधते आणि सर्वांत वाईट रिव्ह्यू आधी वाचते. अशा वेळी पीडीएफमध्ये ‘अमुक हॉटेल किंवा तत्सम’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या ‘तत्सम’पाशी संवाद थांबतो. कार्यालयातला कोणी फोनवर समजवायला नसतानाही वाचणाऱ्याच्या सगळ्या शंका फिटतील, इतकी ती पीडीएफ स्वयंपूर्ण असायला हवी. आम्ही तिच्यात प्रत्येक दिवसाचे अंदाजे चालणे आणि बसमधले तास लिहितो. ‘हा दिवस दमवणारा आहे’ हे वाक्यही जिथे खरे असेल तिथे लिहितो, आणि ते वाचून कोणी दुसरी, सोपी सहल निवडली तर मला त्यात नुकसान वाटत नाही.

किमतीबद्दल मी अधिक आग्रही आहे. ‘किमतीसाठी डीएम करा’, म्हणजे खासगी निरोप पाठवून किंमत विचारा, ही पद्धत मला मुळातच पटत नाही. त्याहून वाईट म्हणजे आकर्षक आकडा आधी दाखवून जीएसटी, प्रवेश शुल्क आणि खिडकीजवळच्या जागेचे पैसे मागाहून जोडणे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फसव्या ऑनलाइन रचनांचे १३ प्रकार सांगणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि ‘शेवटच्या दोनच जागा’ अशी खोटी घाई निर्माण करणे, हे दोन्ही त्यांत आहेत. पैसे किंवा मोफत सहल घेऊन प्रशंसा करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने तसे स्पष्ट सांगावे, असाही नियम आहेच.

आपल्या दाराशीच असलेले एक उदाहरण पाहा. ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ही खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. फ्लेमिंगो इथे मोठ्या संख्येने दिसतात ते साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत, आणि ऐरोलीहून निघणाऱ्या बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. रीलला मात्र महिना नसतो. मार्चमध्ये चित्रित केलेला गुलाबी थवा जुलैमध्ये पुन्हा कुणाच्या तरी पानावर झळकतो, आणि पाहणारा त्याच रविवारी मुलांना घेऊन निघण्याचा बेत करतो. चित्रीकरणाचा महिना आणि ‘बोटीची वेळ आधी विचारून या’ एवढे दोन तपशील लिहिले असते, तर त्या कुटुंबाचा दिवस वाया गेला नसता.

पावसाळ्यात हाच प्रश्न दिवस वाया जाण्यापुरता उरत नाही. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर बुडून मृत्यू झालेले आहेत आणि तिथे प्रवेशबंदीचे आदेश निघत आले आहेत, तरीही तिथले मोहक व्हिडिओ फिरतच असतात. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली, त्याच्या पुढच्याच महिन्यात रायगडमधल्या कुंभे धबधब्यापाशी रील करताना एका तरुणीचा दरीत पडून जीव गेला. बंदी असलेल्या जागेचे चित्र आपल्या सहलीच्या प्रसिद्धीसाठी वापरणे हा माझ्या दृष्टीने सरळसरळ अपराध आहे. आमच्या पानावर अशी चित्रे येणार नाहीत, हे आम्ही ठरवूनच टाकले आहे.

रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, तेव्हापासून जाहिरातीचे वेळापत्रकही बदलले. दिवाळीच्या सहलीची नोंदणी आजही पावसाळ्यातच सुरू होते, पण तेव्हा गाडीचे तिकीट हातात नसते. ते कधी काढले जाईल आणि प्रतीक्षा यादीत राहिले तर काय करू, हे आता पहिल्याच पोस्टमध्ये लिहावे लागते.

सर्वांत अधिक चिंता मला फसवणुकीची वाटते. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरून मिळते, पण त्याच नावाची बनावट संकेतस्थळे आणि फेसबुक पाने पैसे भरून शोधनिकालांत वर येतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंना याबाबत सावध केले होते. अशा वातावरणात प्रामाणिक व्यावसायिकाकडेही लोक संशयाने पाहतात, आणि तो संशय रास्त आहे. म्हणून कार्यालयाचा पूर्ण पत्ता, जीएसटी क्रमांक आणि व्यवसायाच्या नावाचेच बँक खाते आम्ही प्रत्येक पीडीएफच्या पहिल्या पानावर देतो. कोणा व्यक्तीच्या खात्यावर आगाऊ रक्कम भरू नका, असेही तिथे लिहितो. शक्य असेल त्यांना एकदा कार्यालयात येऊन जाण्याची विनंती करतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करायची असते, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी ते रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. हा क्रमांक यंदाच्या पीडीएफमध्ये रद्द करण्याच्या अटींच्या वर, मोठ्या अक्षरात छापला आहे.